सही जुळत नाही

१४ नोव्हेंबर २०२२ रोजी माझे वडील, आप्पा, कापूस वेचणीची मजुरी चुकती करण्यासाठी बँकेतून ४०,००० रुपये काढायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. स्लिपवरची सही नमुना सहीशी जुळत नाही, असे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने त्यांना सांगितले होते. आप्पांनी तेथेच उभे राहून आणखी तीन स्लिपा भरल्या आणि प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा लहान उमटली. मागे रांग वाढू लागली तेव्हा ते निघून आले. तीस वर्षे ज्या शाखेत खाते आहे तेथे आपल्याला खोटे ठरवले, हे त्यांना फार लागले होते; मीही फोनवर त्यांचीच बाजू घेऊन बँकेच्या नावाने बरेच काही बोलले. आमच्या घरातल्या कोणाच्याही आधी, आणि दोन डॉक्टरांच्याही आधी, आप्पांच्या आजाराची खूण त्या कर्मचाऱ्याच्या नजरेस पडली होती, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले. त्या खुणेला काय म्हणतात हे त्यालाही ठाऊक नव्हते, एवढेच.

आप्पांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे. ते आज ६९ वर्षांचे आहेत आणि अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आईसोबत राहतात. मी अमळनेरला शाळेत शिकवते, धाकटा भाऊ सुरतेला असतो. निदान, औषध, बँक आणि दिव्यांग प्रमाणपत्र या चार गोष्टी मार्गी लागायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. त्यातला बराचसा काळ आधी काय करावे हे माहीत नसल्यामुळे वाया गेला, म्हणून जे घडले ते तारखा आणि खर्चासह लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही; औषधांविषयी येथे जे आहे ते आप्पांपुरते आहे.

कंपवात म्हणजे हात थरथरणे, एवढीच आमची समजूत होती. आप्पांचा हात मात्र सगळ्यात शेवटी थरथरला. २०१८ च्या हिवाळ्यात आईने कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केले होते, अंगणभर धूर आणि लसूण-मिरचीचा ठसका पसरला होता, आणि आप्पा पहिला घास घेऊन म्हणाले होते, "भरीतले वासच नही." आईला राग आला, आम्ही हसलो. पुढच्या वर्षापासून ते झोपेत ओरडू लागले, लाथा झाडू लागले. एकदा स्वप्नात रानडुक्कर हाकलताना त्यांनी आईच्या खांद्यावर गुद्दा मारला आणि सकाळी त्यांना त्यातले काहीच आठवत नव्हते. आत्याने बाहेरचे काही असेल असे सुचवून पाहिले. बद्धकोष्ठ तर इतके जुने होते की इसबगोलाची पुडी किराणा सामानाच्या यादीतच असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये उजवा खांदा आखडला. खांद्याचा सांधा गोठला आहे असे समजून सप्टेंबरपर्यंत शेक, मालीश, दोन इंजेक्शने आणि फिजिओथेरपी झाली, ९,००० रुपये गेले आणि खांदा होता तसाच राहिला. वास जाणे, झोपेत हातपाय झाडणे, बद्धकोष्ठ आणि एकाच बाजूचा खांदा आखडणे ही चारही या आजाराची आगाऊ लक्षणे असू शकतात. वेगवेगळी पाहिली तर प्रत्येकाला दुसरी दहा कारणे असतात आणि आम्ही ती वेगवेगळीच पाहिली.

बँकेच्या प्रसंगानंतर आठवडाभराने आईच्या लक्षात आले की आप्पा ओट्यावर नुसते बसलेले असताना त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत राहतो. "वाती वळल्यासारखा," असे ती म्हणाली. शेजारच्या काकांनी विचारले, "हाऊ हात काब्र हालस?" (हा हात का हलतो?) तेव्हा आप्पांनी हात धोतराच्या सोग्याखाली घेतला. गावातल्या डॉक्टरांनी वय झाले आहे, अशक्तपणा आहे, असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि चक्कर येते म्हणून वर्षभर चालू असलेली गोळी तशीच चालू ठेवली. या चक्करेच्या गोळीविषयी पुढे सांगते.

१२ डिसेंबर २०२२ रोजी आम्ही सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने जळगावला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. फोनवर नंबर लावून तीन आठवडे थांबावे लागले होते. फी ८०० रुपये होती आणि सकाळी अकराची वेळ असून आत जायला पावणेदोन वाजले. निघण्यापूर्वी दवाखान्यातून फोन आला होता की चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, अगदी अधूनमधून घेतलेल्यासुद्धा, सोबत आणा. मला ते उगाच वाटले होते, पण ती पिशवीच त्या दिवशी सर्वांत जास्त कामी आली.

तपासणी पाऊण तास चालली आणि तिला एकही यंत्र लागले नाही. डॉक्टरांनी आप्पांना अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर आपटायला सांगितले. डावा हात नीट चालला, उजव्याची उघडझाप दहा-बारा वेळांतच आखूड होत थांबली. मनगट हातात धरून फिरवताना ते दातेरी चाकासारखे अडखळत फिरते, हे त्यांनी मलाही माझा हात ठेवून दाखवले. मग आप्पांना व्हरांड्यात चालायला लावले. आप्पांचा उजवा हात चालताना हलतच नव्हता, शरीराला चिकटून राहत होता. आम्ही रोज पाहत असूनही हे आम्हाला दिसले नव्हते. वळताना जेथे दोन पावले पुरावीत तेथे त्यांना सहा लागली. मागे उभे राहून डॉक्टरांनी खांदे अचानक ओढून तोल पाहिला. शेवटी कागदावर गोल गोल चक्र काढायला आणि एक वाक्य लिहायला सांगितले. आप्पांनी "यंदा कापूस चांगला आहे" असे लिहिले. 'यंदा' वाचता येत होते, 'आहे' वाचायला डॉक्टरांना चष्मा पुसावा लागला.

हात विसावलेला असताना कंप येतो आणि पेला उचलताना तो कमी होतो, हा यातला मुख्य फरक आहे, असे त्यांनी समजावले. काम करतानाच हात थरथरण्याचा एक वेगळा, बराच अधिक आढळणारा विकार असतो आणि त्याची औषधेही वेगळी असतात. या आजारात कंपापेक्षा हालचालीतला मंदपणा निदानाला महत्त्वाचा असतो. काही रुग्णांना कंप कधीच येत नाही. रक्ताची अशी कोणतीही नेहमीची तपासणी नाही की जिच्यावरून हा आजार ठरवता येईल. थायरॉइड, बी-१२ आणि मेंदूचा एमआरआय सांगितला, तो दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी. एमआरआयचे ७,००० आणि रक्ताचे १,४०० रुपये झाले. अहवाल निर्दोष आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. निर्दोष एमआरआयमुळे कंपवात नाही असे ठरत नाही, हे तिला सांगायचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

कारण तोवर पिशवीतून चक्करेची गोळी निघाली होती. तिचे नाव सिनारिझिन. ही गोळी, फ्लुनारिझिन, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधे मेंदूतल्या डोपामिन या हालचालीला लागणाऱ्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात आणि हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण करू शकतात. डॉक्टरांनी ती बंद केली आणि तीन महिने काहीही नवे न देता थांबायचे ठरवले. औषधामुळे असेल तर लक्षणे हळूहळू ओसरतील, नसेल तर तेही कळेल, असा तो हिशेब होता.

ते तीन महिने सगळ्यांत कठीण गेले. रोज सकाळी आई त्यांचा हात पाहायची आणि मला फोनवर "आज कमी वाटतो" किंवा "आज जरा जास्त आहे" असे कळवायची. आप्पा बोलणे टाळू लागले होते, आवाज इतका बारीक झाला होता की फोनवर मी पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" असे विचारत असे आणि ते चिडून फोन आईकडे देत. चेहऱ्यावर काही उमटत नसे. ते आमच्यावर रागावले आहेत असे मला वाटायचे. चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात हे ठाऊक असते तर काही भांडणे टळली असती. याच काळात एका नातेवाइकाने खाजकुयलीच्या बियांची पूड आणून दिली. ती आम्ही दिली नाही, पण डॉक्टरांना विचारले. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. खाजकुयलीत लेव्होडोपा हेच द्रव्य असते, जे या आजारावरचे मुख्य औषध आहे; मात्र पुडीत ते किती आहे हे कळायला मार्ग नसतो आणि पुढे गोळ्यांबरोबर ते दुप्पट होऊ शकते, असे ते म्हणाले.

२० मार्च २०२३ रोजी, पाडव्याच्या दोन दिवस आधी, निदान पक्के झाले. लक्षणे ओसरली नव्हती. डाव्या पायातही जडपणा येऊ लागला होता. आजार एका बाजूने सुरू होऊन मग दुसऱ्या बाजूला येतो, हेही त्याच्या स्वभावात बसत होते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले की मेंदूच्या खोल भागात एक काळसर पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा, आणि तेथल्या पेशी डोपामिन तयार करतात. हालचाल सहज सुरू व्हावी आणि सुरळीत चालावी याला ते लागते. त्या पेशींत अल्फा-सायन्यूक्लिन नावाचे प्रथिन गोळा होत जाते आणि पेशी मरत जातात. हातापायांत लक्षणे दिसू लागेपर्यंत निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी अवघ्या सहा रुग्णांवरून या आजाराचे वर्णन लिहिले, त्यातल्या काहींना त्यांनी रस्त्यात चालतानाच पाहिले होते. हे ऐकून मला बँकेची खिडकी आठवली.

"अक्षर केव्हापासून बदलले?" या डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते, म्हणून त्या रात्री माळ्यावरून आप्पांच्या वेचणीच्या वह्या काढल्या. डावीकडे मजुराचे नाव, मग किलो, दर आणि रक्कम, अशी त्यांची पद्धत. २०१५ च्या वहीत अक्षर ओळ भरून आहे. २०१९ मध्ये नाव ठळक आहे, पण रकमेपर्यंत जाता जाता आकडे बारीक झाले आहेत. २०२१ च्या वहीत पहिले अक्षरच निम्मे आहे आणि रकमेचा आकडा मुंगीएवढा. मी त्या पानांचे फोटो काढून पुढच्या भेटीला नेले. घरातल्या वयस्क माणसाचे जुने आणि नवे लेखन शेजारी ठेवून पाहणे हे बिनखर्चाचे काम आहे.

आप्पांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "फवारनीमुये व्हयनं का हाई?" तीस वर्षे त्यांनी पाठीवर पंप घेऊन, तोंडाला उपरणे गुंडाळून कपाशीवर औषध मारले आहे. डॉक्टरांनी सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हटले नाही, आणि तेव्हा मला ते टाळाटाळ केल्यासारखे वाटले. पुढच्या भेटीत त्यांनी सविस्तर सांगितले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेखोर भेसळीच्या अमली पदार्थामुळे अल्पावधीत पुतळ्यासारखे गोठले. त्यातल्या एमपीटीपी या द्रव्याने नेमक्या याच पेशी मारल्या होत्या. शरीरात त्यापासून जे विष बनते त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकासारखी असल्यामुळे शेतीतल्या रसायनांकडे संशोधकांचे लक्ष गेले, आणि पॅराक्वाट व रोटेनोन यांच्याशी आलेला संपर्क आणि हा आजार यांचा संबंध पुढे अभ्यासांत दिसून आला. मात्र वय, काही जनुकांतले बदल, डोक्याला झालेली इजा अशी इतर कारणेही यात मिसळलेली असतात, आणि एका माणसाच्या बाबतीत कशामुळे झाले हे बोट ठेवून सांगता येत नाही. आप्पांचे समाधान झाले नाही. माझेही नाही. भावाने मात्र त्या वर्षापासून फवारणीचे काम घेणाऱ्या मुलांना हातमोजे आणि मुखपट्टी घेऊन देणे सुरू केले.

औषध म्हणून लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची एकत्र गोळी सुरू झाली. आधी अर्धी दिवसातून तीनदा, मग दोन आठवड्यांनी एक. डोपामिन थेट दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरते. ते वाटेतच खर्ची पडू नये म्हणून कार्बिडोपा. पहिले दहा दिवस मळमळ होती. मग लक्षात आले की सकाळच्या गोळीचा गुण येतो आणि दुपारच्या गोळीचा येत नाही. कारण आमच्या ताटात होते. कळण्याची भाकरी आणि डाळ, म्हणजे ज्वारीत उडीद आणि वर तूर. त्यातली प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने जातात आणि गोळी मागे राहते. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दीड तासाने असते, आणि डाळीचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात असतो. २२ एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. त्या दिवशी आप्पांनी सदऱ्याची पाचही बटणे स्वतः लावली आणि कोणाला काही न सांगता बाहेर जाऊन बसले. बटणे आईने मोजली होती.

औषधाचा खर्च महिन्याला ४०० ते ५०० रुपयांच्या आसपास आहे. दोन गोष्टी डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने लिहून दिल्या आहेत. ही गोळी मनाने अचानक बंद करायची नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन घ्यायचे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जुलाबांमुळे आप्पांना एका दवाखान्यात सलाइन लावावे लागले तेव्हा ही दुसरी ओळ दाखवूनच ते इंजेक्शन थांबवता आले. व्यायामाविषयी थोडक्यात सांगायचे तर तो औषधाइतकाच लागतो: रोज चालणे, मोठमोठी पावले, आणि मोठ्याने वाचन. उंबरठ्यापाशी आप्पांचे पाय जमिनीला खिळतात, म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून तेथे फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटले की पाय उचलला जातो. वीस रुपयांच्या चिकटपट्टीने हे होते याचे मला अजूनही नवल वाटते.

आता बँकेकडे वळते. जानेवारी २०२३ मध्ये, निदान होण्याआधीच, मी घाईने नमुना सही बदलण्याचा अर्ज भरला होता; आधार, पॅन, दोन फोटो आणि त्या दिवशीची बारीक सही. जूनमध्ये आप्पा पैसे काढायला गेले तेव्हा खिडकीवरून तेच वाक्य आले. औषधाने सही पुन्हा मोठी झाली होती आणि नव्या नमुन्याशी जुळत नव्हती! आप्पा या वेळी चिडले नाहीत, उलट त्यांना हसू आले. डॉक्टरांचे पत्र घेऊन मी व्यवस्थापकांना भेटले तेव्हा कळले की आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल तर बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो, अंगठ्यावर पैसे काढता येतात. ही सोय आधीपासूनच होती, पण आठ महिन्यांत कोणी ती सांगितली नव्हती. याशिवाय आईचे नाव खात्यात जोडून दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे करून घेतले. हे पहिल्याच दिवशी करावे.

दिव्यांग प्रमाणपत्राची कल्पना शाळेतल्या एका सहकाऱ्याने दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यांत पार्किन्सन्सचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. ८ जुलै २०२४ रोजी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. त्याला शुल्क नाही. सहीच्या चौकटीत अंगठ्याचा ठसा चालतो, हे पाहून जीव भांड्यात पडला. ऑगस्टमध्ये सरकारी रुग्णालयात बोलावले, पण मेंदूविकारतज्ज्ञांचा तीन महिन्यांच्या आतला, शिक्क्यासह अहवाल हवा म्हणून परत पाठवले. ही अट अर्ज भरताना कोठे दिसली नव्हती. सप्टेंबरच्या फेरीत दुसरीच अडचण आली. आप्पांनी साडेनऊला गोळी घेतली होती आणि साडेदहाला ते औषधाच्या ऐन भरात होते. "हे तर व्यवस्थित चालतात," असे म्हणून फाइल बाजूला ठेवली गेली. वरिष्ठ डॉक्टर यायला दीड वाजला, तोवर गोळीचा असर उतरला होता आणि बाकावरून उठायला आप्पांना तीनदा प्रयत्न करावा लागला. तो त्यांनी स्वतः पाहिला, गोळ्यांच्या वेळा विचारल्या आणि ४८ टक्के दिव्यांगत्व लिहिले. आम्ही वेळ ठरवून काही केले नव्हते. पण ज्यांना जायचे आहे त्यांनी गोळीची वेळ आणि असर उतरण्याची वेळ लिहिलेला कागद सोबत न्यावा आणि दोन्ही अवस्थांविषयी सांगावे. प्रमाणपत्र ऑक्टोबरमध्ये पोर्टलवर आले, कार्ड डिसेंबरात टपालाने. ते ४० टक्क्यांच्या वर असल्याचा एक उपयोग असा झाला की आप्पांचा खर्च मी करत असल्यामुळे प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डीडीबीखाली त्यांच्या औषधोपचारांची वजावट मला मागता आली. ज्येष्ठ नागरिकासाठी तिची मर्यादा १,००,००० रुपये आहे आणि त्याला मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी लागते.

आज फेब्रुवारी २०२५ आहे. गोळ्या तीनच्या चार झाल्या आहेत. दुपारी तीनच्या सुमारास असर उतरतो, पाय जड होतात, आणि कधी कधी मान नकळत डोलू लागते. कोणत्या वेळी काय होते हे लिहून आणा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मी त्यासाठी मोबाइलवर तक्ता करून दिला होता, तो आप्पांनी उघडलासुद्धा नाही. त्यांनी पहिलीच्या मुलांची दुरेघी वही मागवली, कारण दोन रेघांच्या मध्ये लिहिले की अक्षर आखडत नाही. तीत डावीकडे वेळ, मग गोळी, मग हात, मग पाय असे रकाने वेचणीच्या वहीसारखेच आखले आहेत. या १७ तारखेला तीच वही घेऊन जळगावला जायचे आहे.